तुमची पेशंट

मदत गोळा करायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते. अशी हकिगत सांगताना माणूस नकळत स्वतःची बाजू सावरून घ्यायला लागतो, आणि या बाबतीत मला सावरून घ्यायला फारशी जागा नाही.

आम्ही नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला राहतो. सोळा फ्लॅटची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. माझे मिस्टर एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. मी अजून शाळेत मराठी शिकवते. आमच्या समोरच्या दारात तेव्हा तिघांचं एक कुटुंब राहायचं. ती चाळिशीतली, नवरा सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर, आणि एक मुलगी. मुलगी दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, त्यामुळे घरातले तिघंही मला मॅडम म्हणायचे. ती मूळची येवल्याची, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातली. लग्न होऊन इथे आल्यावर माग सुटला, पण हाताची सवय सुटली नाही. घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. माझे दहा-बारा वर्षांतले सगळे ब्लाउज तिच्या हातचे आहेत. मापाची वही तिला कधी लागली नाही. दारात उभी राहून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "मॅडम, यंदा अर्धा इंच वाढवते."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका आल्या होत्या. सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली. बशा गोळा करता करता म्हणाली, "मॅडम, इथं काखेजवळ गाठ लागतीय हाताला. दिवाळीपासून आहे."

"दिवाळीपासून? आणि आत्ता सांगतेस?"

"लग्नसराईचं काम होतं ना हातात. दुखत तर नव्हती."

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. महिन्याभरात ऑपरेशन झालं. त्यांचं केशरी रेशनकार्ड होतं, सरकारी योजनेत नाव बसलं, ऑपरेशन आणि केमो दोन्ही त्यातून झालं. मला वाटलं, सुटले हे लोक. बिल्डिंगमध्येही सगळ्यांना तसंच वाटलं.

पण योजनेच्या बाहेर बरंच काही होतं. एक मोठा स्कॅन बाहेरून करावा लागला. दर केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन होतं, ते कधी मिळायचं, कधी मेडिकलमधून आणावं लागायचं. तोंड आल्यावर लावायचं औषध, उलटीच्या गोळ्या, फळं, जाणं-येणं. केमोच्या दिवशी नवऱ्याचा खाडा पडायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिचं मशीन बंद पडलं होतं. केमोने बोटांची टोकं बधिर झाली. सुईत दोरा ओवायला गेली की सुई हातात आहे की नाही हेच तिला कळत नसे. एकदा बोटातून रक्त आलं आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजपीसवर डाग पडला. त्या दिवशी तिने मशीनवर चादर टाकली. फ्लॅटचा हप्ता मात्र चालूच होता.

आधी तिचे कानातले गेले, मग बांगड्या. तिने सांगितलं नाही, मला समोरून दिसत होतं. केमो घेऊन ती नवऱ्याबरोबर सिटी बसने यायची. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बस अर्धा-अर्धा तास उभी, आणि ही पिशवी तोंडाशी धरून बसलेली. एकदा नवरा खाली मेडिकलमध्ये थांबला होता, तेव्हा ती जिन्यात पहिल्या मजल्यावर पायरीवर बसलेली सापडली. मी म्हटलं, "रिक्षा का नाही केलीस?"

"मॅडम, रिक्षाच्या पैशात दोन दिवसांची फळं येतात."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि म्हणाले की आपण सगळे मिळून मदत गोळा करू. नवरा खाली मान घालून बसला होता. ती म्हणाली, "नको मॅडम. सगळ्यांना कळेल."

"कळू दे. आजारपण काय कुणी मुद्दाम आणतं?"

"तसं नाय. पण मग रोज जिन्यात माणसं भेटतात."

तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी तिला समजावत राहिले. मला समजावता चांगलं येतं, आयुष्यभर तेच केलंय. शेवटी नवरा म्हणाला, "मॅडम म्हणतात तर करू दे." आणि तिने मान हलवली.

मजकूर मी लिहिला. चांगला लिहिला, असं मलाच वाटलं. फोटो हवा होता. मुलीने मोबाइलमधला आईचा एक जुना फोटो दाखवला. कुणाच्या तरी लग्नातला, आबोलीचा गजरा, खांद्यावर जाड वेणी, आणि ती मान कलती करून हसत होती. "हा टाका ना मॅडम," ती म्हणाली, "ह्याच्यात मी बरी दिसते."

मी म्हणाले, "अगं, हा फोटो बघून कोण पैसे देईल?"

मुलीने मोबाइल बंद करून बाजूला ठेवला. मग मीच तिला खिडकीपाशी बसवलं, डोक्याचा रुमाल काढायला सांगितला आणि गाऊनवरच फोटो काढला. उजेड एका बाजूने येत होता, गाल आत गेलेले दिसत होते. मी दोन-तीन काढले आणि त्यातला ती सगळ्यात आजारी दिसेल असा निवडला. तो फोटो आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला, मग माझ्या शाळेच्या, मिस्टरांच्या निवृत्त मंडळींच्या, आणि मग कुठे कुठे गेला ते मला माहीत नाही. आठवड्याने मुलगी सीईटीच्या क्लासहून आली ती सरळ आत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने, ही कुणाची आई आहे हे माहीत नसताना, तोच फोटो तिला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, बिचारी बघ.

मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण पैसे खूप जमले होते. मला वाटलं होतं त्याच्या दुपटीने. लोक जिन्यात थांबवून विचारायचे, "मॅडम, कशी आहे तुमची पेशंट?" मी सविस्तर सांगायचे. तुमची पेशंट हा शब्द मला आवडायचा, हे आज लिहिताना हात अडखळतो, पण आवडायचा.

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. त्यांनी मदतीत सगळ्यात मोठी रक्कम दिली होती. त्यांच्या भाच्याच्या लग्नाची खरेदी होती, मला सोबत घेऊन गेल्या. खरेदी झाल्यावर कॉलेज रोडला एका एसी हॉटेलात जेवायला गेलो. रविवार होता, गर्दी होती. टेबलाची वाट बघत उभ्या असताना वहिनींनी माझा दंड दाबला. "ती बघा."

मला आधी ओळखू आली नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई हिरव्या साडीत बसली होती. खांद्यापर्यंत काळेभोर केस, ओठांना हलकी लिपस्टिक. समोर नवरा, शेजारी मुलगी. टेबलावर दोन-तीन भाज्या, रोट्या, आणि तिच्यासमोर आइस्क्रीमचा मोठा पेला. मुलगी काहीतरी सांगत होती आणि ती तोंडावर हात धरून हसत होती. हात बाजूला झाला तेव्हा कळलं की ही आपलीच.

वहिनी म्हणाल्या, "आपल्या पैशांवर चाललंय वाटतं."

इथे मला थांबून एक सांगायचंय. मला माहीत होतं. दोन केमोंच्या मध्ये एकवीस दिवस असतात. पहिले दोन आठवडे तिच्या तोंडाला चव नसायची, पाणीसुद्धा गंजल्यासारखं लागायचं. शेवटचे चार-पाच दिवस तेवढी चव परत यायची, आणि मग पुढची केमो. हे तिनेच मला सांगितलं होतं. तो रविवार त्या चार-पाच दिवसांतला होता हेही मला ठाऊक होतं, कारण तिच्या केमोच्या तारखा आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मीच लिहून ठेवल्या होत्या. वहिनींना एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी सांगितलं नाही. मला वहिनींसमोर खजील झाल्यासारखं वाटलं, जणू मी कुणाची तरी खोटी शिफारस केली होती.

मी तिच्या टेबलापाशी गेले. "अरे वा, पार्टी?"

तिघांनी वर बघितलं. तिचा हात पटकन केसांकडे गेला. नवरा उठून उभा राहिला. वर्गात मास्तर आल्यावर मुलं उभी राहतात तसा.

"बसा मॅडम. घ्या ना काहीतरी."

"नको नको, चालू दे तुमचं." मी तिच्या डोक्याकडे बघितलं. "छान दिसतोय विग. केवढ्याला पडला?"

मुलीने चमचा खाली ठेवला. तिची आई हळू आवाजात म्हणाली, "चार हजाराला. बाहेर गेलं की लोक लय बघतात, म्हणून."

मी हसून "बरं" म्हणाले आणि वहिनींकडे परत आले. पाच मिनिटांनी बघितलं तर वेटर त्यांच्या भाज्या डब्यांत भरत होता. आइस्क्रीम तसंच राहिलं होतं. जाताना ती आमच्या बाजूने गेली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी ग्रुपवर नाव न घेता लिहिलं की मदतीचा विनियोग कसा होतो हे कळलं तर बरं. खाली चार-पाच जणांनी अंगठे दिले. मी लिहिलं, "सर्व खर्चाच्या पावत्या माझ्याकडे येतील. कुणीही काळजी करू नये." लिहून झाल्यावर समोरच्या दाराची बेल वाजवली.

"लोक विचारतात गं," मी तिला म्हणाले. "मला काही नाही. पण शंकेला जागा नको. जे काही बिल असेल ते ठेवत जा, मला दाखवत जा."

"हो मॅडम. बरोबर आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ती यायची. प्लॅस्टिकची एक फाईल, त्यात पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. सोफ्याच्या कडेला बसायची. मी चष्मा लावून एकेक बघायचे. खरं तर नुसतं घेऊन ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण ती समोर बसलेली असताना मी बघायचे. नारळपाणी, मोसंबी असलं काही असेल तर तिने बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं असे, "हे आमचं." एका शनिवारी उलटीच्या गोळ्यांची पावती होती. आकडा बघून मी म्हणाले, "एवढ्याशा गोळ्यांना एवढे? स्वस्तातल्या मिळत नाहीत का?"

"विचारते मॅडम," ती म्हणाली.

मी वाईट हेतूने बोलले नव्हते. भाजी घेताना बोलतो तसं बोलले. ती फाईल घेऊन उठली.

तो विग मला परत दिसला नाही. ती रुमाल बांधूनच फिरायची. वटपौर्णिमेला खाली बायका जमल्या, ती आली नाही. संध्याकाळी तिघं गच्चीवर बसायचे, तेही बंद झालं. त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज आला की मध्येच थांबायचा. आमची दारं समोरासमोर, जिना बोळासारखा, सगळं ऐकू यायचं. मला वाटायचं आजार वाढतोय, म्हणून असेल.

जूनमध्ये मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी मी तिला जिन्यात शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, "काय केलं मग?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम." दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. मी कचऱ्याचा डबा घेऊन उतरले तर तिचा नवरा माझ्यापुढे होता. त्याच्या हातातली काळी पिशवी गाडीच्या कडेला लागून फाटली आणि त्यातून पुठ्ठ्याचे तुकडे खाली पडले. गुलाबी पुठ्ठा, बोट बोटभर फाडलेला. एका तुकड्यावर बेकरीच्या नावाची दोन अक्षरं होती, एकाला क्रीम लागलं होतं. त्याने ते घाईघाईने गोळा केले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छोटाच होता मॅडम. अर्ध्या किलोचा."

मी वर आले. चहा ठेवला आणि गॅसपाशी उभी राहिले. पुठ्ठ्याचं खोकं एवढं बारीक फाडायला वेळ लागतो. कुणीतरी बसून ते फाडलं असणार. बधिर बोटांनी तिने फाडलं असेल का, हा विचार मनात आला आणि जाईना. चहा उतू गेला. तरीही येत्या शनिवारी पावत्या आणू नकोस, असं मी तिला सांगितलं नाही. सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. तो शनिवार तसाच गेला, ती आली, मी चष्मा लावला.

नंतरची केमो झाल्यावर चौथ्या दिवशी मुलगी माझ्या शाळेत आली. मधली सुट्टी होती. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, आत येईना. मी बाहेर गेले.

"मॅडम, आईला ॲडमिट केलंय. अंगात पाणीच राहिलं नाही म्हणतात डॉक्टर. तीन दिवस नुसत्या उलट्या."

"गोळ्या लागू पडल्या नाहीत का?"

तिने माझ्याकडे बघितलं. शाळेत असताना ती फार गरीब पोरगी होती, कधी वर मान करून बोलली नाही. त्या दिवशी तिने नजर हलवली नाही.

"घेतल्याच नाहीत तिने. मागच्या वेळेपासून घेत नाहीये. आम्हाला म्हणायची, उलट्या आता होतच नाहीत. बाथरूममध्ये नळ सोडून ओकायची. मी काल विचारलं, तर म्हणाली, गोळ्यांची पावती बघून मॅडमला महाग वाटतं."

तिने पुढे एवढंच म्हटलं, "तुम्ही खूप केलंय मॅडम आमच्यासाठी. पण तिला जरा सांगा, गोळ्या घे म्हणून. तुमचंच ऐकेल ती." आणि ती गेली.

घंटा झाली. मला सातवीवर तास होता. वर्गात गेले आणि मुलांना धडा मनात वाचायला सांगितला. खुर्चीत बसून राहिले. स्वस्तातल्या मिळत नाहीत का, हे माझंच वाक्य माझ्याच आवाजात पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. पगारदार घरातली बाई मी. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या केवढ्याला येतात हे मी कधी बघितलेलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. ती सलाइनवर होती, ओठ फुटलेले. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवली होती. तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि उशीवरून डोकं उचलायला लागली.

"मॅडम, इथली पावती ह्यांच्याकडे आहे. घरी गेल्यावर देते."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "पावत्या नकोत आता. मला कसलीच पावती नको. तू फक्त गोळ्या घे."

"हो मॅडम," ती म्हणाली. नेहमीसारखंच. मी जुळवलेल्या वाक्यांतलं एकही बोलले नाही. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती, नवरा औषध घेऊन आला, नर्स आली. कारणं पुष्कळ होती.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं की यापुढे पावत्या घेतल्या जाणार नाहीत, कुणाला आपली रक्कम परत हवी असेल तर मी माझ्याकडून देईन. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. एका गृहस्थांनी खरंच परत मागितली आणि मी दिली. हा संदेश वाचून माझ्या मिस्टरांनी मला एकच प्रश्न विचारला. "लोकांच्या शंकांमुळे पेशंटला त्रास झाला, असं लिहिलंयस. शंका काय फक्त लोकांच्या होत्या?" मी फोन बाजूला ठेवला. चूक माझी झाली, हे तीन शब्द मी त्यात लिहिले नव्हते. आजतागायत त्या ग्रुपवर लिहिलेले नाहीत.

तिची केमो पूर्ण झाली, मग पंचवीस दिवस रोज रेडिएशनचा शेक घ्यायला जाणं. त्या दिवसांत मी मिस्टरांना गाडी काढायला लावली, सकाळी तेच तिला सोडायचे. ती मागच्या सीटवर बसायची आणि उतरताना दर वेळी आभार मानायची. मिस्टर म्हणायचे, "एवढे आभार ऐकून माणसाला घाम येतो."

दिवाळीच्या आधी त्यांनी फ्लॅट विकला. हप्ता झेपत नव्हता. येवल्याला तिच्या भावाच्या घराशेजारी भाड्याने दोन खोल्या घेतल्या. मुलीला नाशिकला फार्मसीला जायचं होतं, तिने तिकडेच बी.एस्सी.ला नाव घातलं. जायच्या आदल्या दिवशी तिचा नवरा आमच्याकडे आला आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं.

"उरलेले एवढे आहेत मॅडम. दुसऱ्या कुणाला लागतील."

"अहो, अजून तपासण्या आहेत. राहू द्या. हे तिचेच आहेत."

"नको. फ्लॅटचे थोडे आलेत, ते आमचे आहेत." तो दारात खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. बोलण्यात राग नव्हता, पण त्याने वर बघितलंही नाही. "आमच्या पैशाचं असलं की तिला घास गोड लागतो."

मी पाकीट घेतलं. दुसरं काय करणार होते?

वर्षाने मी येवल्याला गेले. एकटी, एसटीने. जायला वर्ष लागलं, यातही सगळं आलं. तिचे केस परत आले होते, आखूड आणि कुरळे, पूर्वी ती सरळ केसांची होती. भावाच्या घरात माग लावलेला. त्यावर बसून विणणं तिला आता जमत नव्हतं. रेशमाचा बारीक धागा बोटांना लागत नाही, म्हणाली. ती कांड्या भरायचं काम करत होती. चाक फिरवून मागासाठी धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळायचा. त्याला डोळे पुरतात.

चहा झाला. भावजय बाहेर गेल्यावर मी बोलले. या खेपेला वाक्यं जुळवली नव्हती. फोटोचं बोलले, हॉटेलचं बोलले, गोळ्यांचं बोलले. ती चाक थांबवून ऐकत होती.

मग म्हणाली, "तुम्ही नसता तर मी आज नसते मॅडम. डॉक्टरकडे तुम्हीच नेलं. म्हणून तर मला काही बोलता आलं नाय. ज्याचे उपकार असतात त्याच्यावर रागवायचं कसं?"

"राग होता?"

"होता. लय होता." ती जराशी हसली. "उलट्या करताना तर तुमचंच तोंड दिसायचं."

"आणि आता?"

तिने खरंच विचार केला. "कधी येतो, कधी नाय," ती म्हणाली आणि चाक परत सुरू केलं.

मला त्यातल्या त्यात हायसं वाटलं ते या उत्तराने. तिने माफ केलं असं म्हटलं असतं तर तिला पुन्हा माझ्यासाठी काहीतरी करावं लागलं असतं. मी अजून तासभर बसले. तिच्या मुलीच्या परीक्षेबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल, आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललो. निघताना तिने मला नमस्कार केला, मी नको म्हणत असताना केला.

आता दर सहा महिन्यांनी ती तपासणीला नाशिकला येते. आतापर्यंतचे रिपोर्ट चांगले आहेत, मुलगी मला कळवते. प्रत्येक वेळी मी फोनवर सांगते की घरी ये, जेवून जा, दुपारच्या एसटीने निघ. ती म्हणते, "हो मॅडम, येते." येत नाही. एकदा मिस्टरांना ती आणि तिचा नवरा बिटको चौकात दिसले होते, उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे. मिस्टरांनी स्कूटर थांबवली नाही. घरी येऊन मला सांगितलं आणि म्हणाले, "रस पीत होते. म्हटलं, पिऊ दे निवांत."